पाझर

हनुवटी इथं टेका, बाशिकुलु. कपाळ पट्टीला.
चिशिंबांनी टोपी काढली,
कुठं ठेवावी कळेना, मग गुडघ्यावर पालथी ठेवली.
वय अठ्ठ्याहत्तर. साखर सोळा वर्षं.
हिरव्या ठिपक्याकडे बघा. हलू नका.
लखकन उजेड.
"आमचा दिवा कपाळावर असायचा," ते म्हणाले,
"समोरून यायचा तो साहेबाचा."

यंत्र म्हणालं: फोटो अस्पष्ट, पुन्हा काढा.
म्हणालं म्हणजे पडद्यावर अक्षरं येतात,
पण महिनाभर एका खोलीत बसलं
की माणूस कशालाही 'म्हणालं' म्हणू लागतो.

खोली मूळची लसीकरणाची. खिडकी उघडीबोडकी.
जूनचं ऊन लाल धुळीसकट आत येतं,
आणि यंत्राला बघायला आधी अंधार लागतो,
हे प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.
मी कमरेचं चितेंगे सोडून खिडकीवर अडकवलं.
खाली स्कर्ट होता,
तरी बाशिकुलुंनी नजर छताला लावली.

दुसरा फोटो. अस्पष्ट.
तिसरा.
बाहेर बाकावर अकरा जण, एकीची बस दोनला.
दोनलाच वीजही जाते.

चौथा जमला.
त्यांचा डोळा आतून उगवला पडद्यावर,
वितळलेल्या तांब्याच्या रंगाचा,
कडेला फिकट चकती, तिच्यातून फुटलेल्या लाल वाटा,
मधेमधे ठिपके, पिवळट खपल्या.
चक्र फिरलं, फिरत राहिलं.
मग: नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा.

बस, एवढंच.
किटवेचं भाडं कोण देणार, सोबत कोण जाणार,
तिथली डॉक्टरीण या महिन्यात रजेवर आहे का,
लाखो डोळे बघून शिकलेल्या त्याला
यातलं काहीच कुणी दाखवलेलं नाही.
मला एक वाक्य शिकवलंय: घाबरू नका, पण जा.
ते म्हणायला मी तोंड उघडलं,

तर तेच खुर्ची ओढून पडद्याशी आले,
नाक टेकेल इतके.
"हा नकाशा कुठल्या पातळीचा?"
"नकाशा नाही. डोळा आहे. तुमचा."
"असेल. पण हे मुख्य शाफ्ट," बोट चकतीवर,
"हे बोगदे. हा आडवा. आणि हे,
हे पाणी. भिंत पाझरतेय इथं."
"रक्त आहे ते."
"तेच ते."

एकतीस वर्षं खाली होते.
खाणीत चिखल घुसला त्या रात्री
त्यांची पाळी काबासोनं घेतली होती.
ते सांगत नाहीत. सगळं गाव सांगतं,
माझ्यासारख्या परक्या लोझीलासुद्धा.
आज मात्र म्हणाले:
"आठवडाभर आधी घाम फुटला होता भिंतीला.
भिंतीला दुखत नसतं.
आम्ही हात लावायचो, पँटला पुसायचो, पुढं जायचो.
बघणारा होता. वहीत लिहिणाराही होता.
त्या वहीचं पुढं काय झालं,
विचार ना तुझ्या या पेटीला."

पेटीला काय विचारणार.
मी कागद छापला, शिक्का मारला,
आणि पाठीमागं माझ्या अक्षरात माझा नंबर लिहिला,
शुक्रवारी औषधांची गाडी किटवेला जाते
तिच्या ड्रायव्हरचं नाव लिहिलं.
नियमात बसत नाही.

त्यांनी कागद टोपीत ठेवला, टोपी डोक्यावर.
दाराशी थबकले,
थेंबांनी बाहुल्या ताणलेल्या, बाहेर नुसतं पांढरं.
"नालुकुई, तू कधी टेकलीस का इथं हनुवटी?"

माझ्या आईची साखर. मावशीची कापलेली दोन बोटं.
"वेळ कुठंय, बाशिकुलु."

ते हसले नाहीत.
भिंतीला हात लावला,
पँटला पुसला.